कै. प्रेमा गोजर यांचे वारस

मुंबई,
मंगळवार, १२ फेब्रुवारी २००८

प्रिय भगीरथ,

घरात 'अहो' आणि पत्रात 'तू', हे आपलं साखरपुड्यापासून चालत आलंय. म्हणून आज पत्रच लिहितेय. फोनवर तू 'हां, हां, बरोबर आहे' म्हणत राहतोस, मागे आईंची मालिका चालू असते, आणि मला काय म्हणायचं होतं ते मीच विसरते. शिवाय मी चिडले की तू लगेच विचारतोस, जेवलीस का. जेवले आहे. दोन्ही वेळा जेवले आहे. तेव्हा हा राग उपाशीपोटीचा नाही, एवढं आधी ध्यानात घे.

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. त्याबद्दल शेवटी लिहीन. आत्ता त्यावरच सुरुवात केली तर माझ्या हातून काहीतरी वेडंवाकडं लिहिलं जाईल.

आधी मुद्दा सलग सांगते, कारण तुकड्यातुकड्यांनी ऐकून तुझा भलताच समज झालेला दिसतो. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर ज्या बायकांची तोंडं मी पंधरा वर्षांपूर्वी तपासली, त्यांच्याकडेच मला परत जायचंय. ज्या हयात आहेत त्यांना पुन्हा तपासायचं, ज्यांचे चट्टे वाढलेत त्यांच्यावर वेळेत उपचार करायचे, आणि त्यासाठी किन्हवलीत एक दिवस व मुरबाडात एक दिवस अशी दर आठवड्याला तपासणी सुरू करायची. एवढ्यासाठीच अनुदान मागितलं होतं. तोंडाचा कर्करोग वेळेत सापडला तर बाई वाचते. उशिरा सापडला तर जबडा काढूनही वाचेलच असं नाही. कुणीतरी टॉर्च घेऊन तिच्या दारात जायला हवं, बस. आणि दिवाळीत आईंच्या डाव्या गालात आतून जो पांढरा चट्टा दिसला तो मी तुलाही दाखवला होता. मशेरी सोडली असं त्यांनी तुला सांगितलंय ना? सोडलेली नाही. डबी पिठाच्या डब्यामागे आहे.

आता जुनं काम. तू तेव्हा किन्हवलीच्या शाळेत नवीन लागला होतास, तुला सगळं ठाऊक आहे, पण मला आज ते पुन्हा लिहून काढावंसं वाटतंय. उपासनी सर माझे मार्गदर्शक. माणूस देवासारखा, पण पाड्यावर त्यांचा काही उपयोग नसायचा. सर जीपमधून उतरले की बायका पदर तोंडावर घेऊन आत. भिमीने तर मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं, "तुला दाखवीन गो प्रेमे, त्या बाबाला नाय." भातसानगरला धरणावर कामाला असलेल्या देवराम गोजरची मी पोर, म्हणून त्या बायकांनी तोंडं उघडली. पहिले दोन महिने आमचं सगळं काम फुकट गेलं होतं. तंबाखू खाता का, असं छापील कागदावर होतं आणि प्रत्येक बाई नाय म्हणायची. खोटं बोलत नव्हत्या त्या. तंबाखू भाजून, कुटून दाताला लावायची, त्याला त्या खाणं म्हणतच नव्हत्या, ते दात घासणं. कागदावर एकही बाई तंबाखू खात नव्हती आणि तोंडं पांढऱ्या चट्ट्यांनी भरलेली. मग मी प्रश्न बदलला. सकाळी उठल्यावर दाताला काय लावता, दुपारी काय, झोपताना काय, असं विचारत गेले. लहानी नावाची एक बाई दिवसातून सहा वेळा दात घासायची असं निघालं. वर्षभर मागे लागून ज्यांची मशेरी सोडवली त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचे चट्टे फिके पडले, आणि ते मी याच डोळ्यांनी पाहिलं.

या कामावरचा निबंध १९९४ साली छापून आला. लेखक पी. डी. गोजर आणि उपासनी. सरांनी माझं नाव पुढे घातलं होतं, तेव्हा कुणी घालत नसे. बाबांनी अंक हातात घेऊन फक्त 'गोजर' एवढा शब्द बोटाने शोधला आणि अख्ख्या कॉलनीत दाखवत फिरले. पुढे तो निबंध कुठल्या कुठे गेला. शंभरावर लोकांनी त्याचा आधार घेतलाय. बंगालात, ओरिसात, बाहेरच्या देशांतसुद्धा बायकांना विचारायच्या त्या प्रश्नांना आता सरळ 'गोजर प्रश्नावली' म्हणतात. म्हणजे माझं माहेरचं आडनाव हे आता एका पद्धतीचं नाव झालंय. ऐकायला किती छान वाटतं.

मागच्या वर्षी पुण्याच्या परिसंवादात मी तिसऱ्या रांगेत बसले होते. एक तरुण डॉक्टर पोटतिडकीने बोलत होता. गोजर यांनी हे केलं, गोजर यांनी ते केलं. मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. चहाच्या वेळी मुद्दाम त्याच्याजवळ गेले. त्याने माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला, डॉ. नम्रता पाटील, आणि अगदी नम्रपणे मला सुचवलं की मॅडम, तुमचं काम याच विषयातलं आहे, तर तुम्ही गोजर वाचा, फार लवकर गेल्या हो बिचाऱ्या. मी बिस्किट हातात धरून उभी. म्हटलं, कुठे गेल्या? तो म्हणाला, वारल्या ना.

कुणी मारलं मला ते मी नंतर शोधून काढलं. उपासनी सर १९९९ला गेले. त्यांच्या स्मरणग्रंथात कुणीतरी लिहिलं, 'दिवंगत उपासनी आणि गोजर यांनी दाखवून दिल्याप्रमाणे'. दिवंगत कोण, तर उपासनी. पण पुढच्या माणसाने ते वाचून दोघांनाही दिवंगत केलं. त्याच्या पुढच्याने उपासनींना वगळलं आणि नुसती 'दिवंगत गोजर' ठेवली. त्यानंतर सगळे एकमेकांचं बघून उतरवत गेले. मूळ निबंध उघडून पाहायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. आणि १९९५नंतर गोजर नावाचा एकही निबंध कुठे सापडत नाही म्हटल्यावर खात्रीच पटली सगळ्यांची. लोकांना हसायला येतं हे ऐकून. मलाही पहिल्यांदा आलं होतं.

१९९५नंतर निबंध का सापडत नाही, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? अठ्ठावीस वर्षांची घोडनवरी मी, तुमच्या ओटीवर पाटावर बसले होते. भटजींनी 'न' अक्षर काढून दिलं. पितळी ताटात तांदूळ पसरले होते आणि तू अंगठीने त्यावर लिहिलंस, नम्रता. 'म्र' नीट उमटला नाही, तू तो पुसून पुन्हा काढलास. आत्याबाईंनी मोठ्याने वाचलं, पेढे वाटले. मला त्या दिवशी वाईट वाटलं असं म्हणणार नाही, तसं वाटलं नव्हतं. सगळ्यांच्या लग्नात होतं तेच माझ्या लग्नात झालं. दुसऱ्या दिवशी तेच तांदूळ आईंनी भाताला लावले आणि आपण सगळे जेवलो. पत्रिकेवर प्रेमा होतं, ताटात नम्रता होतं. लग्नाच्या कुठल्याही कागदावर ही दोन नावं शेजारीशेजारी आलीच नाहीत.

मुंबईच्या नोकरीचा अर्ज तू भरलास, हौसेने, वळणदार अक्षरात. डॉ. सौ. नम्रता भगीरथ पाटील. पदव्या गोजरच्या नावाच्या, म्हणून दोन्ही नावं एकाच बाईची असा तुमच्या सरपंचांचा दाखला जोडला. तेव्हा तेवढ्यावर भागायचं. राजपत्रात जाहिरात द्यायला हवी हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तो दाखला ऑफिसच्या तळमजल्यावरच्या कपाटात होता, आणि जुलै २००५च्या पुरात कपाटासकट त्याचा लगदा झाला. दाखला देणारे सरपंचही आता राहिले नाहीत. आता माझ्याकडे गोजरच्या पदव्या आहेत आणि पाटीलचं ओळखपत्र आहे. साहेब विचारतात, त्यांच्या पदव्या तुमच्याकडे कशा आल्या?

आणि पाटील होऊन तरी काय मिळालं? गोजर एकटी होती, हजारांत उठून दिसायची. एन. पाटील म्हणजे गर्दी. संगणकावर एन. पाटील शोध म्हणजे उसाचा तांबेरा निघतो, मूतखडा निघतो, कोळंबीचे रोग निघतात. माझ्या निबंधांची यादी मागवली तेव्हा अनुदानाच्या समितीने आधी ती सगळी कोळंबी माझ्या नावावर लावली, मग संशय आला म्हणून सरसकट कापाकापी केली, आणि त्या कापाकापीत माझेही निबंध गेले. उरले चार. बारा वर्षं मी इथे मान मोडून काम केलं, लेकीला, मनस्वीला, आईंच्या मांडीवर टाकून इथल्या एका खोलीत राहिले, आणि शिल्लक चार. समितीतल्या एकाने शेरा मारलाय की अर्जदार बाईंचा या क्षेत्रातला प्रभाव नगण्य आहे.

पण खरा कहर पुढेच आहे. दुसऱ्या एका परीक्षकाने अर्ज बारकाईने वाचला. बारकाईने म्हणजे खरंच बारकाईने, त्याबद्दल मला त्यांचं कौतुकच आहे. त्यांनी लिहिलं की श्रीमती पाटील यांनी गावं, पाडे, प्रश्न, तपासणीची रीत, एवढंच नव्हे तर बायकांची निवडसुद्धा दिवंगत गोजर यांच्या कामातून जशीच्या तशी उचलली आहे. परवानगीचा उल्लेख नाही. हा वाङ्मयचौर्याचा प्रकार दिसतो, तरी अनुदान देऊ नये. भगीरथ, मी ते वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. माझ्याच घरात मी चोर. त्या रात्री मला इतका संताप आला की मी स्वयंपाकघरातली सगळी भांडी उगाच घासली. कुणावर चिडायचं तेच कळेना. त्या परीक्षकावर तरी कशी चिडू? त्याने माझ्याच कामाची राखण केली.

समितीच्या अध्यक्षांना भेटले. माणूस वाईट नाही. तीन वेळा सगळं सांगितलं, तेव्हा म्हणाले की मला पटतंय हो, पण कागद नाही. मी म्हटलं, किन्हवलीला चला, अख्खं गाव सांगेल मी प्रेमा म्हणून. ते म्हणाले, पण तुम्ही नम्रता आहात हे किन्हवली सांगेल का? आणि खरं आहे ते. आईबाबा राहिले नाहीत. तिथे नम्रता कोण हे कुणाला माहीत नाही. लहानीला विचारलं तर ती म्हणेल, कोण नम्रता, आमाला नाय ठाव. आणि मुरबाडला, सासरी, मला प्रेमा म्हणून कुणी ओळखत नाही. आईंना तर मी लग्नाआधी कोण होते याच्याशी काही देणंघेणंच नाही, त्या नमू म्हणून पाठीवरून हात फिरवतात, त्यांना तेवढं पुरतं. मग अध्यक्षांनीच सुचवलं की पुढच्या शुक्रवारी, म्हणजे २२ तारखेला, अकराला समितीची शेवटची बैठक आहे. दोन्ही नावांनी तुम्हाला ओळखणारं कुणी असेल तर समोर आणा, आम्ही ऐकून घेऊ. त्यानंतर मात्र यंदाचं दार बंद.

हे मी तुला सांगणारच होते. पण त्याआधी मी आणखी एक गोष्ट तुला सांगून बसले होते, आणि तीच तू धरलीस. इथले अधीक्षक, कागदांतच म्हातारे झालेले गृहस्थ, त्यांनी मला चहा पाजून सल्ला दिला की मॅडम, एवढं डोकं कशाला शिणवता? गोजरबाई वारल्यात असं सगळीकडे छापलंय. मग त्यांच्या वारसांचं ना-हरकत पत्र आणा, चोरीचा आक्षेप तिथल्या तिथे मिटतो. ३ तारखेला, रविवारी, मी हे तुला फोनवर विनोद म्हणून सांगितलं. हसत सांगितलं. तू हसला नाहीस. म्हणालास, 'बघतो.' मला वाटलं आईंच्या मालिकेमुळे नीट ऐकू आलं नसेल.

तर शनिवारी तुझं पाकीट आलं. वर मनस्वीने काढलेला मोर, आणि त्याखाली शंभराचा स्टँप पेपर, नोटरीच्या लाल शिक्क्यानिशी. मी उभ्याउभ्याच वाचला. मी, भगीरथ पाटील, धंदा शिक्षक, प्रतिज्ञेवर लिहून देतो की माझी पत्नी कै. प्रेमा ही मयत असून तिचे कायदेशीर वारस मी व माझी कन्या मनस्वी असे आहोत, आणि श्रीमती नम्रता पाटील यांनी तिच्या संशोधनाचा वापर करण्यास आमची काही एक हरकत नाही. खाली तुझी सही. साक्षीदार म्हणून तुझ्या शाळेतल्या कोंडूची सही, आणि दुसरा साक्षीदार म्हणून आईंचा अंगठा. आईंना तू काय सांगितलंस? नमूच्या कामाचा कागद आहे, एवढंच ना? नमूचं काम म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हातांचे अंगठे दिले असते. आणि मयताची तारीख तर काहीतरी लिहावीच लागणार, म्हणून तू लिहिलीस १४ मे १९९५. आपल्या लग्नाची. प्रेमा १९९५ला गेली आणि तिची कन्या मनस्वी १९९६ची, हा चमत्कार तुझ्या टायपिंगवाल्याच्याही लक्षात आला नाही. मला कळतं रे तू हे का केलंस. आईंचा गाल तुझ्याही डोळ्यांसमोर आहे, आणि हा कागद नेऊन दिला तर अनुदान मिळेल, उद्याच मिळेल, हेही मला माहीत आहे. शनिवारपासून तो कागद उशाशी घेऊन झोपतेय. आज ठरवलं. खोट्या कागदावर उभं राहून मी भिमीला तोंड उघड म्हणू शकणार नाही. आणि तू, एवढा साधा माणूस, तुला इतक्या सहज ती तारीख सुचली, याचं मला फार, फार वाईट वाटलं. तो कागद या पत्रासोबत परत पाठवतेय, तूच फाड. मला तुझी सही नको, तू हवा आहेस. दोन्ही नावांनी मला ओळखणारा जगात तू एकटा उरलायस. २२च्या शुक्रवारी शाळेतून रजा काढ आणि अकराच्या आत ये. तेरा वर्षांत तू मला 'ऐकलंस का' म्हणालास, चारचौघांत 'आमची मंडळी' म्हणालास, पण माझं नाव कधी घेतलं नाहीस, कुठलंच नाही. लग्नात, पूजेला, बारशाला, जिथे तिथे बायकांनी अडवून मला तुझं नाव घ्यायला लावलं आणि मी प्रत्येक वेळी घेतलं. आता एकदा तू माझं घे. उखाणा नको, यमक नको, समितीच्या त्या पाच माणसांसमोर उभा राहा आणि म्हण, ही प्रेमा आहे, माझी बायको, आणि ही जिवंत आहे.

तुझीच,
प्रेमा